दारावरची मेझुझा

(भैंसा, १९८९. कापसाच्या जिनिंगजवळचं दोन खोल्यांचं घर. ओसरीवर बांधून ठेवलेल्या ट्रंका. दाराशी स्टुलावर मिलका, हातात पेचकस. खाली तिचे वडील.)

मिलका: वरचा स्क्रू निघाला. खालचा नाय निघून राह्यला. गंजला पप्पा, चौकटीलेच धरून बसला.

पप्पा: उलटा फिरवतेस का?

मिलका: मले उलटं-सुलटं समजते. फिटरची पोरगी हाव मी.

पप्पा: शाळा सोडलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस. मला सगळं समजतं.

मिलका: मास्तर तेलुगूत शिव्या दे. त्या समजल्या म्हनून सोडली. आता तुमी सांगा, हे काऊन काढून राह्यलो आपन?

पप्पा: काऊन म्हणजे? घर सोडून चाललोय. या नळीच्या आतल्या कातड्यावर परमेश्वराचं नाव लिहिलंय. मेझुझा अशी कोणाच्याही दारावर टाकून जाता येत नाही.

मिलका: पोस्टमन अजूनबी घंटी समजून दाबते तिले.

पप्पा: दाबू दे. त्यालाही थोडा आशीर्वाद लागला असेल.

मिलका: अर्धाच कायदा सांगून राह्यले तुमी. मागून येनारा आपल्यातला नसला, तं काढाची. ज्यूच येनार असला, तं हातबी लावाचा नाय, तशीच राहू द्याची. तुमीच शिकवलं आमाले, याच ओसरीवर. मले अन् बेन्याले.

पप्पा: मग?

मिलका: मंग मागून कोन येऊन राह्यलं?

पप्पा: दमयंती. माणिकरावांची मुलगी.

मिलका: अन् बेन्या का तिचा भाडेकरू हाय? पोरगा हाय तो तुमचा.

पप्पा: स्क्रू काढ मिलका. नांदेडची बस कोणासाठी थांबत नाही.

मिलका: तो ज्यू नाय का? हो का नाय, तेवढं सांगा. मंग काढते.

पप्पा: कायद्यानं ज्यू कधी ज्यू असायचा थांबत नाही. काहीही केलं तरी.

मिलका: मंग झालं तं.

पप्पा: पण मेलेल्या माणसाला घर लागत नाही.

मिलका: तो मेला नाय. तुमी मारला. तो तिकडं तामसीले लग्नाच्या पंगतीत बसला होता अन् तुमी इकडं सदरा फाडून जमिनीवर बसले. जित्या पोराचं सुतक. सात दिवस. आई चुलीपाशी रडे, तं तिले म्हनत, आपन सुतकात हाव, चूल पेटवू नको. मी पाह्यलं सारं. मी का लहान होती?

पप्पा: आवाज खाली. समोरून कोणी येतंय.

मिलका: येऊ द्या. वहिनीच हाय. ये वं, आजपासून तुहंच घर हाय.

वहिनी: पडशील मिलका, स्टूल हलून राह्यलं. मामाजी, येऊ का आत?

पप्पा: ये. किल्ली त्या ट्रंकेवर आहे.

वहिनी: किल्लीसाठी नाही आली. म्हणजे, किल्लीसाठीच आली, पण हे बी आणलं. बसमध्ये खायला. भाकरी अन् वांग्याची सुकी भाजी. तूप नाही लावलं भाकरीला. दुपारी तुमची कोंबडी झाली असंल, म्हटलं तेलाचाच हात फिरवावा.

पप्पा: हे कोणी सांगितलं तुला?

वहिनी: सांगायचं काय त्यात? घरी तसंच चालते. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. माझी आई हसते. म्हणते, इतकं सोवळं तर माझ्या सासूचंही नव्हतं.

पप्पा: मटण कोणाकडचं घेता?

वहिनी: नाही घेत. बोलायला मटण म्हटलं. खाटकाकडचं ते खात नाहीत. कोंबडी आणली तर स्वतःच कापतात, मागच्या अंगणात. तोंडातल्या तोंडात काही म्हणतात अन् कापतात. मग मी मीठ लावून ठेवते, रक्त सुटेपर्यंत.

मिलका: ऐकून राह्यले ना पप्पा?

पप्पा: माझे कान शाबूत आहेत.

वहिनी: मामाजी, तुमी आज चालले, म्हणून एक विचारून घेऊ का? मग कोणाला विचारणार.

पप्पा: विचार.

वहिनी: शुक्रवारच्या दिव्याचं. ग्लासात आधी पाणी घालते, वरून खोबरेल. सासूबाई असंच करायच्या म्हणतात ते. पण कधी कधी वात मधेच विझते. विझली तर पुन्हा लावायची का?

पप्पा: नाही. दिवस बुडाला की शाबाथ लागला, शनिवारचा विसावा. मग आगीला हात नाही. विझली तर विझू द्यायची.

वहिनी: तसंच करतो आमी. अंधारातच जेवतो. म्हटलं, चुकत तर नाही ना.

पप्पा: नाही चुकत.

वहिनी: त्यांना विचारलं तर म्हणतात, मला जेवढं आठवते तेवढं सांगितलं. बाकीचं पप्पाला माहीत.

पप्पा: शनिवारी काम करतो?

वहिनी: ट्रकला हात नाही लावत. मालक दर हप्त्याला बोलते. चांगली लांबची फेरी असली की दुसऱ्याला देऊन टाकते.

मिलका: आता बोला. हे घर कोनाचं झालं?

पप्पा: तू गप. दमयंती, तो कुठं आहे मग? बाप देश सोडून चाललाय. परत येणार नाही, हे ठाऊक आहे त्याला. शेजारचे पांडुरंगराव गळ्यात पडून रडून गेले. तो कुठं आहे?

वहिनी: नागपूरला. सकाळीच कापसाच्या गाठी भरून निघाले. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत येतात.

पप्पा: आजच?

वहिनी: मालकानं पाठवलं.

मिलका: खोटं बोलू नको वहिनी. कालच तू मले सांगितलं, फेरी त्यानं मागून घेतली.

वहिनी: हो. मागून घेतली.

पप्पा: बघ. आणि तू मला कायदा शिकवतेस.

मिलका: तो असं करन असं वाटलं नवतं मले. मी तुमच्यासंगं भांडून राह्यली त्याच्यासाठी, अन् तो पळून गेला. काढते. घ्या. निघाला खालचा बी. अर्धी चौकट घेऊन आला.

वहिनी: मिलका, काय काढलं ते? ते राहू द्यायचं होतं ना? त्यांनी सांगितलं, ते तिथंच राहील, त्याला चुना लागू देऊ नको.

पप्पा: असं म्हणाला?

वहिनी: हो. घर झाडायला सांगितलं तेव्हा.

पप्पा: म्हणायला काय जातं. हे बघ पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. कधीच नव्हता फारसा. लग्नाचं मी गिळलं असतं, आज ना उद्या. पण त्याची आई गेली तेव्हा तो कसा वागला, ते तू पाहिलंस. एक फावडं माती टाकली नाही. खड्ड्यापाशी आला आणि पाठ फिरवून चालता झाला. पोटच्या पोरानं आईला माती दिली नाही. ती फकिरानं दिली, ज्यानं खड्डा खणला त्यानं. आमच्यात याहून मोठं काही नसतं. अशाच्या दारावर मी परमेश्वराचं नाव ठेवून जाऊ?

वहिनी: मामाजी, असं नका म्हणू.

पप्पा: डोळ्यानं पाहिलंय मी.

वहिनी: मी बी पाहिलं. कुंपणाशी उभी होती मी. ते तुमच्यासमोर दोन्ही हात पुढं करून उभे होते. मागत होते फावडं. तुमी त्यांच्या हातात नाही दिलं. त्यांच्या पायापुढं टाकलं. मग फकिरानं उचललं.

पप्पा: टाकलं नाही. ठेवलं.

वहिनी: ते टाकलंच म्हणतात.

पप्पा: ठेवलं गं. ठेवायचंच असतं. मातीच्या वेळी फावडं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं आमच्यात. आपली माती टाकून झाली की खाली ठेवायचं. पुढच्यानं आपणहून उचलायचं. दुःख कोणी कोणाच्या हातात देऊ नये, म्हणून. त्याच्यासाठीच ठेवलं होतं मी. मुद्दाम त्याच्या पायाशी.

वहिनी: त्यांना नाही माहीत हे.

पप्पा: माहीत नाही म्हणजे?

मिलका: मले बी नवतं माहीत.

पप्पा: काय बोलतेस?

मिलका: कुठून राहील माहीत? भैंशात आपल्यातलं दुसरं मेलं कोन, पप्पा? पहिली आईच मेली.

पप्पा: मी सांगितलं असेल कधीतरी.

मिलका: नाय सांगितलं. दिव्याचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं, दूध-मटणाचं सांगितलं. मेल्यावरचं नाय सांगितलं. आई म्हने, पोराईसमोर नका काढू तसलं.

पप्पा: मी वाट पाहत होतो. वाकेल, उचलेल. केवढा वेळ उभा होतो मी.

मिलका: तोंडानं सांगता नवतं येत? उचल रे, एवढंच?

पप्पा: त्याचं सुतक धरलेलं मी. त्याच्याशी बोलायचं नाही, असं ठरवलेलं. ओठापर्यंत आलं होतं. नाही बोललो.

वहिनी: घरी आले अन् मोरीत जाऊन हात धूत बसले. मातीच नव्हती हाताला, तरी धूत होते. म्हणाले, पप्पानं सर्वांसमोर फावडं फेकलं माझ्यासमोर, कुत्र्याला भाकर फेकते तसं. माझ्या आईला माती द्यायच्याही लायकीचा नाही म्हणे मी.

पप्पा: असं म्हणाला?

वहिनी: एकदाच म्हणाले. मग कधी नाही.

मिलका: मी जाते. पांडुरंगकाकाची सायकल घेते, नाक्यावर त्याची गाडी अडून राहील.

वहिनी: कुठं जातेस बाई? निर्मल केव्हाच ओलांडलं असंल त्यांनी. आदिलाबादच्याही पुढं असतील आता.

मिलका: मंग आज नाय जात आपन. पप्पा, शुक्रवारी येते तो. शनिवार झाला की जाऊ.

पप्पा: उद्या रात्रीचं विमान आहे. तुझ्या मामानं अश्दोदहून, ज्यूंच्या देशातून काढलेलं तिकीट. किती वर्षं लागली त्या कागदांना, तुला ठाऊक आहे.

मिलका: मले नाय जायाचं तिथं. मले इथंच राह्याचं.

पप्पा: मलाही.

मिलका: मंग?

पप्पा: घर दिलं, नोकरी सोडली. तुझं इथं काय होणार? चल, उतर स्टुलावरून.

मिलका: उतरत नाय. आधी हे परत लावते. स्क्रू कुठं ठेवले मी?

पप्पा: लावू नकोस.

मिलका: अजूनबी? इतकं ऐकूनबी?

पप्पा: दे इकडे.

मिलका: आता कोनता कायदा निघाला? खरा कायदा हाय का हा बी तुमचा रागच हाय?

पप्पा: कायदाच आहे. होती तशी राहिली असती तर राहिली असती, पण आता उतरवली आपण. आता जो राहणार, त्यानं लावायची. निघून जाणाऱ्यानं लावलेल्याला काय अर्थ आहे? दमयंती, इकडे ये.

वहिनी: जी.

पप्पा: आत शिरताना उजव्या हाताला. ही बघ, जुनी भोकं. त्याच जागी. थोडी तिरपी, वरचं टोक घराकडं झुकलेलं. त्याला म्हणावं, तूच लाव, दुसऱ्याला लावू देऊ नको. लावताना ब्राखा म्हणायची असते, आशीर्वाद. येते त्याला?

वहिनी: शुक्रवारी दिव्यापाशी काही म्हणतात. तेच का?

पप्पा: ते नाही. ते दिव्याचं.

मिलका: लिहून द्या ना.

पप्पा: हिब्रू वाचता येत नाही त्याला, विसरला असेल. राहू दे. जे येतं ते म्हणू दे.

मिलका: तसं चालते?

पप्पा: मला नाही माहीत चालतं की नाही. म्हणू दे.

वहिनी: अन् नाहीच लावली त्यांनी तर, मामाजी?

पप्पा: तर फडक्यात गुंडाळून वर ठेव. जमिनीवर ठेवू नको. पोरंबाळं झाली तर त्यांना खेळायला देऊ नको.

वहिनी: अन् ते फावड्याचं? मी सांगू?

पप्पा: सांग.

वहिनी: मला तुमच्यासारखं सांगता नाही येणार.

पप्पा: तुला येईल. मलाच नाही आलं.

मिलका: पप्पा, बस आली. फकिरा हात करून राह्यला तिकडून. ट्रंका टाकते म्हने टपावर.

पप्पा: उचल ती छोटी. मोठीला तो येईल. वहिनीच्या पाया पड.

मिलका: पडते. वहिनी, आईच्या मातीपाशी काटे वाढले. तेवढं पाहजो.

वहिनी: पाहते. रडू नको. रडलीस तर मलाही आवरणार नाही.

मिलका: मी रडून नाय राह्यली. चुना गेला डोळ्यात.

पप्पा: चला. ड्रायव्हर हॉर्न देतोय.

वहिनी: सांभाळून जा मामाजी.

पप्पा: हो. दमयंती, परतीला गाडी रिकामी असते का त्याची?

वहिनी: नाही. परतीलाही भरलेलीच असते.

पप्पा: निर्मलच्या घाटात सावकाश उतर म्हणावं. भरल्या गाडीचे ब्रेक तापतात.

वहिनी: कोणी सांगितलं म्हणून सांगू?

पप्पा: पप्पानं.