सहा मुठी नाचणी

हॅलो?… हो, राष्ट्रपती निवास. मागचं स्वयंपाकघर… मीच केरेसिया, कोण बोलतंय?…

ताओना? अरे, तू इथे कसा फोन… थांब, दार लोटते… हं, बोल. तुझ्यामागे कसला एवढा खडखडाट?… वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या चादरी? म्हणजे कामावर आहेस… बरं, बरं, मशीनपासून सरक जरा लांब.

माझा मोबाइल गेटवर काढून घेतला… सुरक्षा म्हणे… हो, राष्ट्रपतीची सख्खी थोरली बहीण, म्हणून तर दोनदा झडती… हा नंबर आपल्या बहिणाबाईने दिला ना, लोइसने? त्या पोरीच्या पोटात काही राहील तर शपथ… नाही रे, बरं केलं दिला ते.

मी बरी आहे… आवाज? धुराने बसलाय… हो, आईच्या विधीच्या बियरच्याच धुराने.

झाली ना बियर. काल सातवा दिवस होता… चांगली झाली होती… 'होती' म्हणजे… अरे ऐक ना, मला क्रमाने सांगू दे. तुला लहानपणापासून गोष्टीचा शेवट आधी हवा असतो.

तुझ्या वाट्याची मूठभर नाचणी पोचली. तुझ्या तिकडच्या चर्चमधल्या बाईने मोज्यात घालून आणली… हो, मोज्याच्या वासासकट. पाकीट बघून म्हटलं, परदेशातल्या इंडियन दुकानातली नाचणी, प्लॅस्टिकमध्ये किती वर्षं झोपली असेल कोण जाणे, हिला कसले मोड येणार. वेगळ्या फडक्यात भिजवली. बाकी सगळ्यांची दुसऱ्या दिवशी फुटली, तुझी आपली ढिम्म… तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर पांढरे, बारीक, सगळीकडून… मी तिथेच बसून रडले. मोर बघत होते… हो, मोर पाळलेत इथे. लोइसची अर्धी मूठ त्यांनीच खाल्ली, पुन्हा मागवावी लागली.

गावातच का नाही केली? मी काय हौसेने आले इथे?… आईला जाऊन वर्ष झालं, रीतीप्रमाणे आता बियर ओतून तिला तिच्या चुलीपाशी आणायला हवं. वर्षभर बाईचा जीव रानात, ना माणसांत ना पितरांत. मी गावातच करणार होते. पण तुझ्या भावाला, फिनिआसला, गावात पाऊल टाकायचं धैर्य नाही… मागच्या वेळी गाडीवर शेण मारलं ना लोकांनी. आता निवडणूक तोंडावर. मग म्हणे, बियर इथे कर, टीव्हीवर दाखवू, राष्ट्रपती घरच्या रीती पाळतात. शनिवारी हेलिकॉप्टरने रांजण गावात नेऊ, आईच्या अंगणात ओतू… हो, हेलिकॉप्टरने. फेसाचं काय होईल ते पायलटला विचार.

काय सांगू… मोडांपासून धरलं तर पंधरा दिवस माझी सर्कस. सरपण नाही, गॅस घ्या म्हणाले. मी म्हटलं, आई गॅसवर येत नाही. मग ट्रकभर लाकूड आलं, तर मॅडमना धूर नको… फिनिआसची बायको रे, दुसरी कोण मॅडम. वरचे पडदे काढून नेले. मग एक कोटवाला आला, बाटलीभर बियर तपासायला घेऊन गेला. दोन दिवसांनी शिक्क्याचा कागद आला, यात अल्कोहोल आढळले… हस, हस. मीही हसले होते तेव्हा.

सांगते रे… सांगते.

काल गाळली. फेस असा की काडी घातली तर उभी राहील. तेवढ्यात फिनिआस आला, कॅमेरेवाल्यांना घेऊन. नवे बूट. रांजणापाशी उभा राहिला आणि रीतीप्रमाणे विचारलं, ताई, किती जणांची मूठ आहे यात?…

हो, विचारावंच लागतं. आणि सांगावंही लागतं. भरल्या रांजणावर हात ठेवून मी खोटं बोलू?… कळत होतं रे मला, मी काय आंधळी आहे? पण म्हटलं, सहा.

तो कॅमेऱ्याकडे बघून हसतच होता. मग मनात मोजलं असणार. मोजताना ओठ हलतात त्याचे, अजून. म्हणाला, पाच. मी म्हटलं, आम्ही चौघी बहिणी, तुम्ही दोघं, आईने सहा जन्माला घातली… त्याने कॅमेरेवाल्यांना बाहेर घालवलं. म्हणाला, त्याची काढ.

अरे हो, हेच म्हणाला. त्याची मूठ काढून टाक… देश चालवतो आणि हे म्हणतो. भिजली, मोड आले, वाळली, दळली, दोनदा उकळली, आंबली. मी म्हटलं, ये, तूच काढ. कुठली त्याची नि कुठली तुझी, मला तर ओळखता येत नाही.

नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, ज्याने पेपरात मला चोर म्हटलं, त्याच्या हातचं माझी आई पिणार नाही… 'माझी आई' म्हणाला, हो. मग मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, त्याला तू कोठडीत टाकलंस तेव्हा तुझी आई तीन आठवडे कोठडीच्या दारात डबा घेऊन बसत होती, तेव्हा कुणाची होती ती?… हो, शिपायांसमोर म्हटलं. म्हणायला नको होतं. तिथेच बिघडलं.

म्हणाला, ओतून टाक. इथेच, जमिनीवर, माझ्यासमोर… शिपाई पुढे झाले रांजण उचलायला. पितरांच्या बियरला शिपायांचे बूट लागू द्यायचे? मी म्हटलं, मागे व्हा. माझ्या हातची आहे, मीच ओतते.

हो. मी ओतली… मी, ताओना… शिव्या घाल हवं तर.

पण ऐक… अरे ऐक ना, पुढचं ऐक. डाव भरला, ओतायला बसले, तर गुडघे आपोआप टेकले. चाळीस वर्षं हेच करतेय मी. जमिनीवर धार धरली की तोंड थांबत नाही माझं. आई, घरी चल, असं निघूनच गेलं. घरी चल, तुझी पोरं बोलावतात. आणि नावं सुरू झाली… नाही रे, ठरवून नाही. ठरवून केलं असतं तर एवढा जीव जळला नसता.

त्याला आधी कळलंच नाही. पहिलं नाव माझं, दुसरं त्याचं. नाव आलं तशी रीतीप्रमाणे टाळी वाजवली त्याने, ओंजळ करून, लहानपणी वाजवायचा तशी. हात मागे घेतल्यावर उमगलं त्याला, आईला बोलावणं सुरू झालंय. 'थांब' म्हणाला. आता नावं काय मध्ये थांबवता येतात?… कुणालाच नाही येत. राष्ट्रपती असला तरी. शिपायांनी टोप्या काढल्या, उकिडवे बसले. खेड्यापाड्यातलीच माणसं ती.

घेतलं ना. सगळ्यात शेवटी तुझं… पूर्ण, बापाच्या नावासकट… टाळी ज्याची त्याने वाजवायची, तू तर नाहीस. माझे हात डावात अडकलेले. मागून कुणीतरी वाजवली… इथला माळी. पांढऱ्या केसांचा. तुला बघितलंही नसेल त्याने कधी… आज सकाळी काढून टाकलं त्याला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी… हो, त्या टाळीसाठीच. आणखी कशासाठी?

खुळ्या, तुला अजून कळलं नाही का? धार जमिनीवर पडली, सहाही नावं झाली, तिला चल म्हटलं. मग आई आली कुठे?… गावात कशी येईल? इथे आली. या हिरवळीवर. याच्या घरात.

लोइसही अशीच हसली. म्हणे, बरी जिरली त्याची. मॅडम दुपारीच मुलांना घेऊन माहेरी गेल्या, हा वर खोलीचं दार लावून बसलाय. मलाही आधी गंमत वाटली… पण आईचं काय, ताओना? ती इथे एकदाच आली होती, याच्या शपथविधीला. दारात मला विचारलं, चपला कुठे काढायच्या? कुणी सांगितलंच नाही, मग दिवसभर हातात धरून बसली. त्या बाईला मी कायमची इथे आणून बसवली. स्वतःच्या हाताने. तू म्हणायचास ना, एक दिवस गावी येईन, चुलीपाशी बसून तिच्याशी बोलेन… तिथे आता कुणी नाही रे.

रडू नको… नको ना. कामावर आहेस, कुणी बघेल.

हो, तिला इथून गावी नेता येतं. पुन्हा बियर करावी लागते. आणि ज्यांच्या नावाने बोलावली त्या सगळ्यांनी इथे यायचं, तिला उठवायचं, गावापर्यंत सोबत जायचं… सगळ्यांनी म्हणजे सहांनी. तू पण. याच फाटकातून… तेच सांगितलं मी त्याला, दाराबाहेर उभी राहून. आतून म्हणाला, पाच जणांची कर. आणि पाच मुठी नाचणी खाली पाठवली. ही बघ, ताटात माझ्यासमोर आहे… मी भिजवणार नाही. पाचांनी ती उठायची नाही. आपली पोरं मोजता येत होती तिला… म्हणूनच मला बाहेर सोडत नाहीत… जेवायला देतात रे. चिकन देतात, तीन वेळा. मला नाही जात.

तू खोकलास का?… मग कोण खोकलं?… तुझ्या खोलीत कुणी आहे?… नाही, अगदी जवळून आला आवाज. थांब, बोलू नको…

फिनिआस?

फिनिआस, वरचा फोन उचललायस ना तू?… नको बोलूस, नुसतं ऐक… ताओना, तू गप्प. शिव्या नकोत. मी बोलतेय ना… फिनिआस, तुझा भाऊ आहे लाइनवर. नऊ वर्षांनी दोघं एका तारेवर आलात. मी माफी माग म्हणत नाही. पेपर, कोठडी, काही काढत नाही मी. त्याला नुसतं 'ये' म्हण. एक अक्षर आहे रे. एवढी भाषणं ठोकतोस…

श्वास ऐकू येतोय मला तुझा… म्हण ना… आई खाली एकटी बसली आहे…

ठेवला.

हो, ठेवला त्याने… काही नाही म्हणाला, तूही ऐकलंस की… पण तू नको ठेवूस. तू बोलत राहा, ताओना, काहीही बोल, चादरी किती राहिल्या ते सांग… ताओना?… मशीनचा खडखडाटही गेला… हॅलो?