जोगळेकर काकांचं सगळ्यात जुनं गाठोडं

मंडळी, काकांच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. काकू, तुम्ही अशा समोर बसलात की मला तोंड उघडणं अवघड झालंय. माझा जन्म जयपूरचा, मराठी अडखळतं, सांभाळून घ्या. पण आज अडखळतेय ते मराठीमुळे नाही.

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काकांनी सारी नोकरी काढली. पेशंटच्या शेकडो फायली एकत्र बांधून ठेवणारा एक जुना युनिक्स प्रोग्राम होता. अशा प्रत्येक बांधणीला काका गाठोडं म्हणायचे. तो प्रोग्राम बदलायचं काम माझ्याकडे आलं. काका म्हणाले, "नवं आण, खुशाल आण. पण आधी त्याच्याकडून सगळ्यात जुनं गाठोडं सोडवून घे."

मी म्हटलं, "मतलब, इतकं जुनं बघतंय कोण, काका?"

असे चिडले! "बस्सी गावाहून एखादी बाई येते, वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन सांगते. तिला काय सांगशील, तुझं गाठोडं सुटत नाही?"

आणि मी काय केलं? नव्या प्रोग्रामनं गाठोडी बांधली, नव्यानंच सोडली आणि चाचणी झाली म्हणून सही ठोकली. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा!

काका आजारी पडले. मी भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, "जुनं उघडलंस का गं?" मी म्हटलं, "हो काका, उघडलं." खोटं बोलले मी. त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. म्हटलं, उद्या करून टाकू. तेवढ्यात काका गेले.

काल मी ते उघडलं. बिनतक्रार उघडलं हो! पण नव्या प्रोग्रामनं लांब नावं मध्येच तोडली. दोन कमलादेवींचं एकच नाव उरलं आणि एकीचा रिपोर्ट दुसरीच्या रिपोर्टवर बसला. पहिलीचा गायब. अशा आणखी किती असतील? मला माहीत नाही. कालपासून जीव थाऱ्यावर नाही.

काकू, ते निश्चिंत होऊन गेले, ते माझ्या थापेवर. तुमची माफी मागते.

साहेब, तुम्ही आमचे विभागप्रमुख, मागे बसला आहात. मूळ गाठोडी आणि जुना प्रोग्राम ज्यात आहे, ती जुनी मशीन सोमवारी पुसायची ठरली आहे. माझ्या सहीवर ठरली आहे. ती सही मी मागे घेते. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण मशीन पुसू नका.

मंडळी, आता उभं राहून दोन मिनिटं शांत राहायचं आहे. पण साहेब, त्याआधी सगळ्यांसमोर हो म्हणा. तुम्ही हो म्हटलंत की मी गप्प होते.