मास्तर विचारून बसले

...नाही पण मी म्हणतो, आनंद शिकवायचा तर शिकवा ना, कोण नाही म्हणतंय, पण त्यासाठी रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळेला, कोथरूडच्या एका हॉलमध्ये माणसांना जमिनीवर मांडी घालून बसवायचं? ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना? तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारचे गोपाळकृष्ण मास्तर, जन्मभर शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, ते स्वतःहून गेलेच नसते. पण मुलगी कादंबरी बंगळूरला, तिने तिकडून परस्पर दोघांची नावं घातली. ‘बाबा, आईसाठी तरी जा, आई हल्ली फोनवर नुसतं हं हं करते.’ आता एका घरात राहून हे मास्तरांना मुलीकडून कळावं? पण मास्तरांचं लक्ष कुठे, तर समोरच्या दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध तुप’ लिहिलंय, त्यातला तु ऱ्हस्व आहे, तिकडे!

तर शिबिराचं नाव ‘चला, आनंदी होऊ या’. आणि मास्तरांच्या बायकोचं नाव आनंदी. हसू नका. हसण्यासारखं नाही ते, पुढे ऐका. मी होतो ना तिथे, मलाही ओढून नेलेलं.

ती शिकवणारी मुलगी, उत्कर्षा, हातात माइक, चेहऱ्यावर हसू असं की झोपेतही उतरत नसेल, ती थेट मास्तरांपाशी आली. ‘काका, आज नो फिल्टर हां, मनातलं शेअर करायचं. तुम्ही आनंदी आहात?’ मास्तर म्हणाले, ‘नाही. मी गोपाळकृष्ण. आनंदी ही.’ आणि शेजारी बोट. हॉल हसला, उत्कर्षा हसली, मास्तर जरा फुलले, वर्गात विनोद लागू पडला की फुलायचे तसे. आनंदीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. हा विनोद त्या लग्नापासून ऐकत आलेल्या.

मग म्हणे नवरा-बायकोने समोरासमोर बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि तोच प्रश्न एकमेकांना विचारायचा. इथे घात झाला. मास्तरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, ‘काय गं, आनंदी आहेस ना तू?’ बाई म्हणाल्या, ‘नाही हो.’ बस. रडणं नाही, आवाज चढवणं नाही. डब्यातली साखर संपली का विचारल्यावर सांगावं तसं. आणि मास्तर काय म्हणाले असतील? ‘नाही म्हणजे? विशेषनाम की विशेषण?’

हसू नका म्हटलं ना! घाबरला की माणूस आपल्याला येतं तेच करतो. यांना व्याकरण येतं.

बाई म्हणाल्या, ‘हेच. हेच बघा.’ आणि उठल्या. उत्कर्षा माइकमध्ये म्हणतेय, ‘काकू, प्रोसेसमधून मध्येच उठायचं नसतं...’ कसली प्रोसेस? बाई घरी आल्या, पिशवी भरली आणि लोणी काळभोरला धाकट्या बहिणीकडे, दुर्गाबाईंकडे निघून गेल्या. ‘किती दिवस?’ ‘बघते.’

आधी मास्तर ऐटीत. ‘बायको बहिणीकडे, चैन आहे.’ मग आमटी करपली. मग मंडईत भाजीवालीने विचारलं, ‘ताई कुठंयत?’ तर भाजी न घेताच परत आले. शेवटी एके दिवशी हडपसरला बस बदलून गेले लोणीला. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलंय, जिन्यात उभं राहून, खालच्या आवाजात.

दारात पोचले तर आतून हसणं. चांगलं खळखळून, दम लागेपर्यंत. मास्तरांना वाटलं दुर्गाबाई. मग वाटलं घरच चुकलो. डोकावले तर आनंदीबाई, पदर खोचलेला, मांडीवर शेंगदाण्यांचं सूप, फोन कानाला: ‘न्हाई गं, मी हितं लई बरी हाय!’

आता हे ‘हाय’... लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मास्तरांनी ते दुरुस्त केलं होतं. पाहुण्यांसमोर. ‘हाय नाही, आहे म्हणावं.’ बाई ‘आहे’ म्हणायला लागल्या. मग हळूहळू कमीच बोलायला लागल्या, चुकायला नको म्हणून. मास्तर समजत होते बायको मितभाषी आहे. चारचौघांत कौतुकसुद्धा करायचे हो तिचं त्यावरून!

हसू नका... कुणी हसत नाहीये का? बरं.

दुर्गाबाई म्हणाल्या, ‘दाजी, बसा की, उभं का ऱ्हायलाय?’ मास्तर बसले, एकही शब्द दुरुस्त न करता. आणि आनंदीबाईंनी यांना पाहिलं मात्र, पदर सारखा केला, फोन ठेवला, म्हणाल्या, ‘आलात? बसला गर्दी होती का? चहा ठेवते.’ शुद्ध. एकेक शब्द तपासून. मास्तर मला म्हणाले, ‘जिवावर आलं हो ते ऐकायचं. सांगावंसं वाटलं, अगं, असं नको, मघाचं तसं बोल. पण असं नको तसं बोल, हेही पुन्हा दुरुस्त करणंच ना?’ मग काय, जेवायला बसले. बाईंनी पाहुण्याला करावा तसा भाकरीचा आग्रह केला आणि बसच्या वेळेची आठवण करून दिली.

तेव्हापासून दर रविवारी जातात. चपला काढण्याच्या निमित्ताने उंबऱ्याबाहेर रेंगाळतात, आतलं बोलणं ऐकतात, मग कडी वाजवतात. कडी वाजली की आत शुद्ध मराठी सुरू.

परवा मी म्हटलं, ‘मास्तर, वहिनी परत कधी येणार?’

‘विचारलं नाही.’

‘अहो, मग विचारा की.’

‘नको,’ म्हणाले, ‘ती हल्ली उत्तर देते.’