मुठीच्या पट्ट्या बसेनात!

...नाही, हसा तुम्ही, तुमचं काय जातंय! रिव्हॉल्व्हरच्या मुठीला नव्या लाकडी पट्ट्या बसवून बघा एकदा, मग हसा! दोनच तर पट्ट्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, मधून स्क्रू पिळला की झालं, असं तो विकणारा म्हणाला, आणि मी, सराफाच्या दारावरचा रखवालदार, मला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ! घरी आलो, स्क्रू पिळला, दात-ओठ खाऊन पिळला... बसेनात म्हणजे बसेनात!

जुन्या कशा गेल्या ते विचारू नका. बरं, सांगतो. बायको म्हणाली, "एवढं लोखंड कमरेला बांधून मिरवता, भिंतीत एक खिळा ठोकवत नाही?" आता हे ऐकून कोण गप्प बसेल? गोळ्या काढून ठेवल्या, तेवढी अक्कल आहे मला, रिव्हॉल्व्हर नळीकडून धरलं आणि हाणला मुठीचा दणका! खिळ्याला काही नाही हो, पट्ट्या उभ्या चिरल्या. आणि सोमवारी हत्यारांची तपासणी! मूठ हलताना दिसली की मालक मला नारळ देणार आणि पलीकडच्या दुकानातला तो मिशाळ माझ्या स्टुलावर बसवणार, हे ठरलेलं.

म्हणून घासायला बसलो. पॉलिश पेपरनं घासल्या, बसेनात. आणखी घासल्या, बसेनात. म्हटलं, आता शेवटचं, अगदी जरासं... आणि लागल्या की खुळखुळायला! मघाशी आत शिरत नव्हत्या, आता जागेवर राहत नव्हत्या. खुळखुळा ऐकून लेक विचारते, "बाबा, बाळ कुणाला झालं?" बायको सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन हजर, "हा घाला आत, काही होत नाही!" घातला. आतली स्प्रिंग रबरात अडकली, घोडा वर उचलेना! म्हणजे चोर समोर उभा, आणि मी त्याला म्हणणार, "दादा, दोन मिनिटं बस, रबर काढतो"?

तेवढ्यात आला मेहुणा. चपलांच्या कारखान्यात आहे तो, जगातलं कुठलंही दुःख त्याच्या मते गोंदानं मिटतं. "भाऊजी, काय हे अडाण्यासारखं! द्या इकडं!" रबर उपसून फेकलं आणि गोंदाची अख्खी ट्यूब पिळली पठ्ठ्यानं. आणि तुम्हाला सांगतो, बसल्या! अशा बसल्या, अशा बसल्या की फटीत नख जाईना! मला तर रडूच आलं. सोन्यासारखा मेहुणा आपला, उगाच इतकी वर्षं शिव्या घातल्या, असंसुद्धा वाटून गेलं.

सोमवारी तपासणीच्या साहेबांनी मूठ दाबली, पिळली, कानाशी नेऊन हलवली. "वा! अशी घट्ट मूठ मी आजवर पाहिली नाही!" मालक असा फुलला म्हणता, आणि मी कॉलर ताठ करतोय तोवर साहेब म्हणतात, "छान. आता पट्ट्या काढा."

"का... काढू?"

"मग? हत्याराचा नंबर त्यांच्याखालीच असतो ना, लोखंडावर! तो बघितल्याशिवाय पास कसं करू?"

स्क्रू काढला. पट्ट्या ढिम्म. पेचकस घातला, तो वाकला. मालकानं ओढलं, मी ओढलं, साहेबांनी स्वतः टेबलाला पाय लावून ओढलं... शेवटी छिन्नी आणली आणि हाणली! पट्ट्यांच्या ढलप्या झाल्या, खालचा गोंद खरवडून खरवडून एकदाचा नंबर दिसला.

"बरोबर आहे नंबर," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "आता परवापर्यंत नव्या पट्ट्या नीट बसवून आणा."

मी हातच जोडले. म्हटलं, "साहेब, त्यापेक्षा चोर आणून उभा करा समोर, मी पाया पडून त्याला परत पाठवतो!"