आतून कडी असलेली खोली

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. म्हातारा शिंपी बायकोला वर्तमानपत्रातली लॉटरीची बातमी वाचून दाखवत होता. शेजारच्या बाकावरच्या शिक्षिकेला नको असूनही सगळं ऐकू येत होतं.

"पाच कोटी! आपल्याला लागले तर काय करशील गं?"

"एक खोली घेईन."

"अगं, बंगला घे की!"

"खोली पुरे. आतून कडी असलेली."

"आणि मी कुठे झोपू?"

"तुम्ही आहे तिथेच."

"चेष्टा करतेस होय?"

"नाही."

"चाळीस वर्षं झाली. कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंत?"

"मी इतका वाईट आहे?"

"जाऊ द्या. पैसे कुठे लागलेत आपल्याला?"

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. तिने सवयीने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.