लाल सोलबर्गच्या कलमकाड्या

मी, सिनोवे ओपेदाल, वय २९, व्यवसाय फळझाडांच्या वाण-संग्रहात प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राहणार हार्डांगर फियोर्ड या खाडीचा पूर्व काठ, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या संग्रहाचे प्रमुख तोरगाइर ब्राते यांनी महिला बागायतदार गुरो ऊत्ने, वय ७१, यांच्यावर आणि माझ्यावर सफरचंदाच्या कलमकाड्या, म्हणजे कलम बांधायला कापतात त्या काड्या, चोरल्याची तक्रार दिली आहे. गुरो यांच्या बागेतली तीन कलमे जप्त करून संग्रहाला द्यावीत, अशी त्यांची मागणी आहे. काड्या मी कापल्या. त्याबद्दल वाद नाही.

संग्रहात जागा कमी आहे, म्हणून एका वाणाचे एकच झाड ठेवायचे ठरले. त्यासाठी गेल्या हिवाळ्यात प्रत्येक झाडाच्या चौदा जनुकीय खुणा तपासल्या. तपासणी मी केली. ज्या झाडांच्या सगळ्या खुणा जुळल्या ती दुबार धरली. बहुतेक खरोखरच दुबार होती आणि ती काढणे योग्यच होते.

सोलबर्ग आणि लाल सोलबर्ग यांच्याही चौदा खुणा जुळल्या. त्या जुळणारच होत्या. सोलबर्गचे फळ पिवळे असते. पूर्वी कधीतरी त्याच्या एका फांदीला लाल फळे धरली. त्या फांदीपासून बांधलेली कलमे म्हणजे लाल सोलबर्ग. फांदीत उपजलेला असा फरक या चौदा खुणांत दिसत नाही. हे फलोद्यान अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तोरगाइर यांनी ते अनेक वर्षे शिकवले आहे.

मी बैठकीत हे सांगितले. तोरगाइर म्हणाले, "सिनोवे, चौदापैकी चौदा जुळल्या. आता पंधरावी कुठली हवी तुला?"

मी म्हणाले, "रंग."

ते म्हणाले, "रंगच बघायचा तर माझ्या आईला नेमलं असतं. तिला यंत्रंही लागली नसती." सगळे हसले. निर्णय झाला तो असा: लाल सोलबर्ग हे वेगळे वाण नाही, ते नाव रद्द करावे आणि झाड तोडावे.

फेब्रुवारीत गुरो यांचा फोन आला. "पोरी, माझं लाल झाड दरडीखाली गेलं. तुमच्याकडचं एकच उरलंय बघ. काड्या देशील?" मागेल त्या बागायतदाराला काड्या देणे हे संग्रहाचे कामच आहे. तरीही मी तोरगाइर यांना विचारले. ते म्हणाले, "सोलबर्गच्या ना? दे की. कुठल्याही झाडाच्या दे, दोन्ही एकच आहेत."

मी तोडायच्या झाडाच्या दिल्या. गुरो यांनी त्यांची तीन कलमे बांधली. मार्चमध्ये ते झाड तोडले. करवत चालवायला तोरगाइर स्वतः आले होते आणि त्यांनी फोटोही काढून घेतला.

सप्टेंबरच्या फळ-प्रदर्शनात संग्रहाच्या टेबलावर सोलबर्गची एकच ताटली होती. ऑस्लोहून संग्रहाच्या तपासणीसाठी आलेल्या बाई टेबलापाशीच उभ्या होत्या. गुरो यांनी विचारले, "लाल सोलबर्ग कुठंय रे, तोरगाइर?"

"हेच ते."

"हे तर पिवळं आहे."

"आतून एकच आहे, गुरो."

"मग तू आतून खा."

त्यावर तपासणीच्या बाईंनी लाल झाड कोणत्या ओळीत आहे ते विचारले. तोरगाइर यांनी त्यांना वॅफल आणि कॉफी घ्यायचा आग्रह केला. त्यांनी कॉफी घेतली आणि प्रश्न पुन्हा विचारला.

दुसऱ्या दिवशी तोरगाइर गुरो यांच्या बागेत गेले आणि कलमे मागू लागले. मी गुरो यांच्या मदतीला तिथे कुंपणाच्या तारा बांधत होते. गुरो म्हणाल्या, "एकच आहे ना दोन्ही? मग तुझ्याकडं उभं आहे की एक. घरी जा." तोरगाइर म्हणाले, "ही चोरी आहे." त्यानंतर ही तक्रार आली.

गुरो यांची कलमे अजून कोवळी आहेत. आता उपटली तर जगतीलच असे नाही, आणि दुसरीकडे हे वाण नाही. संग्रहाला काड्या हव्या असतील तर येत्या फेब्रुवारीत मागाव्यात. मागेल त्याला देईन, असे गुरो यांनी माझ्यासमोर सांगितले आहे. तोरगाइर यांनी अजून मागितलेल्या नाहीत.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती सुचवते. सुरुवातीला "लाल सोलबर्ग या एकमेव व दुर्मीळ वाणाच्या काड्या" असे आले होते, ते माझे शब्द नाहीत. ते तक्रारीतून उतरले आहेत. तक्रारीवर तोरगाइर ब्राते यांची सही आहे. माझ्या जबाबातून ते काढावेत, तक्रारीत मात्र तसेच राहू द्यावेत. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.