चुलवाणात बसलेल्या सिद्रामाला दिसलेलं कडं

टाळ जरा थांबवा हं! मंडळी, ऐका. मागे खांबाजवळ माझ्या मैत्रिणी बसल्यात. त्यांनी पैज लावलीय – "हिंमत असेल तर पुढच्या रांगेला हा प्रश्न विचारून दाखव!" पुढच्या रांगेत कोण? सरपंच, बँकेचे साहेब, आमचे मुख्याध्यापक! मग विचारूनच टाकते – काम बिघडलं, की तुमच्या हाताखालच्या माणसाला आधी काय दिसतं? चूक, की तुमचा चेहरा?

हसू नका साहेब, उत्तर अवघड आहे!

एक गुऱ्हाळ होतं. तिथला मुख्य गुळव्या तातोबा. रस कधी आटला, काहील, म्हणजे रसाची ती भलीमोठी कढई, कधी उतरवायची, सगळं तोच ठरवायचा. हाताला मोठा गुण! पण जीभ? विळ्याची धार बरी! आणि खाली, चुलवाणाच्या खड्ड्यात, जाळात चिपाडं सारत बसायचा सिद्राम. धुरानं डोळे लाल, अंगभर राख.

एके दिवशी सिद्राम खालून एवढंच म्हणाला होता, "आण्णा, जाळ जास्त होतोय वाटतं."

तातोबा वरून गरजला, "तू चिपाडं घाल रं! अक्कल घालायला मी हाय की हितं!"

सगळे गडी खो-खो हसले. सिद्रामही हसला. हसावंच लागतं ना मंडळी? पण आत काहीतरी मिटलं.

आणि दुसऱ्या दिवशी? चिपाड सारता सारता त्याची नजर वर गेली – नि हात थांबला! काहिलीचं त्याच्या बाजूचं कडं सांध्यातून उकललेलं! वरून मळी साचलेली, त्यामुळे वरच्यांना काही दिसत नव्हतं. रस आटला की त्याच कड्यात दांडा घालून गडी ती काहील उचलणार. आणि त्या कड्याशी उभा राहायचा केराप्पा, तातोबाचा सख्खा धाकटा भाऊ. कडं निसटलं तर? उकळता पाक थेट पोराच्या अंगावर!

सांगायला काय लागतं हो? एक हाक! सिद्रामानं तोंड उघडलं... आणि कानात ते हसू वाजलं. त्यानं तोंड मिटलं. 'दिसंल त्यांचं त्यांना. गुळव्या हाय न्हवं तो?' वरून केराप्पाचं गाणं ऐकू येत होतं. रसाला पिवळा फेस आला. वेळ जवळ येत चालली. सिद्रामाला बोलवेना – आणि गप्पही बसवेना!

मग त्यानं काय केलं? त्यानं चिपाडं घालणंच बंद केलं!

जाळ पडला. उकळी बसली. तातोबा ओरडला, "सिद्रामा, झोपलास काय रं? जाळ लाव!" उत्तर नाही. "रसाचं आधण नासतंय माझं!" तरी नाही. तेव्हा तातोबा पाय आपटत खड्ड्यात उतरला. किती वर्षांनी उतरला असेल! शिवी ओठांवर होती, तेवढ्यात सिद्रामानं जाळ सारायची काठी नुसती कड्याकडं वर केली.

तातोबानं वर पाहिलं. कडं पाहिलं. कड्यापलीकडं भावाचे पाय पाहिले.

शिवी तिथंच विरली.

"का बोलला न्हाईस?"

सिद्राम राखेकडं बघत म्हणाला, "बोललो की तुम्ही हसता, आण्णा. जाळ विझला की मातर येता."

मंडळी, देवाला आपण कळसाकडं शोधतो. त्या दिवशी तो तळाच्या राखेत बसला होता, आणि त्याला बोलायची भीती वाटत होती!

ते आधण वाया गेलं. केराप्पा वाचला. दुसऱ्या दिवसापासून तातोबा काहील चढवायच्या आधी खड्ड्यात उतरून बसायचा. "सिद्रामा, हितनं काय दिसतंय?" सिद्राम गप्प. पुढच्या दिवशीही गप्प! कसा बोलेल? पोळलेलं माणूस लगेच विस्तवापाशी येतं का? तातोबा मात्र रोज विचारत राहिला.

एके सकाळी सिद्राम पुटपुटला, "आण्णा, तुमचं धोतार जाळाकडं लोंबतंय."

सगळे गडी श्वास रोखून उभे! तातोबानं धोतर खोचलं आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." बस्स, एवढंच! आणि त्या दिवसापासून गुऱ्हाळाला कंठ फुटला.

आता तुम्ही, मंडळी! तुमच्या दुकानात, कचेरीत, घरात कोण गप्प आहे? शहाण्यासारखा गप्प आहे, असं समजू नका! त्याच्या जागेवर जाऊन बसा. विचारा. आणि त्यानं पहिलं कडू सांगितलं, की हसू नका, रागावू नका, आभार माना. माणसं आपल्या आवाजानं चालत नाहीत हो, आपल्या कानानं चालतात!

आणि आई, बाबा... तुम्ही इथेच आहात म्हणून सगळ्यांसमोर सांगते. सरांनी मला लेझीम पथकाची प्रमुख नेमलंय. "दहावीचं वर्ष आहे, नाही म्हणून सांग," असं तुम्ही म्हणालात. मी उद्या हो म्हणणार आहे. शिट्टी हातात घेण्याआधी शेवटच्या ओळीत जाऊन उभी राहणार आहे. यात तुम्हाला काही चुकतंय असं वाटलं, तर घरी गेल्यावर सांगा. मी मधे बोलणार नाही.